पोटाचे माप बदलले, ताटाचे बदलायचे राहिले

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ४६ असून मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिकवते. साखर सीमारेषेवर, रक्तदाबाची गोळी चालू (तिच्यात लघवी वाढवणारे औषधही आहे) आणि वजन ९४ किलो, म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन सुरू केले. पहिले चार आठवडे पाव मिलिग्रॅम, पुढचे चार आठवडे अर्धा आणि आता तीन आठवड्यांपासून एक मिलिग्रॅम असा डोस आहे. वजन ८८ वर आले, पण या तीन आठवड्यांत पोटाने पिच्छा पुरवला आहे. रविवारी सकाळी सुई घेते. सोमवार-मंगळवार दिवसभर मळमळते, कुजक्या अंड्यासारखे ढेकर येतात, चार-पाच दिवस शौचाला होत नाही आणि गेल्या दोन्ही रविवारी रात्रीचे जेवण उलटून पडले. हे औषध चालू असल्याचे घरात फक्त यजमानांना माहीत आहे. सासूबाई प्रेमाने वाढतात, पानात टाकलेले त्यांना चालत नाही आणि संशय नको म्हणून मी पूर्वीइतकेच जेवते. दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला, पण काही विचारायला वेळ मिळाला नाही; महिना झाला की १.७ घ्या, एवढेच सांगितले. अंगावरून जास्त जाते म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि पुढच्या महिन्यात गर्भाशयातील पॉलिप भूल देऊन काढायचा आहे. तिथे या इंजेक्शनविषयी मी बोललेले नाही. औषध बंद करावे का? मळमळीसाठी रोज पित्ताची गोळी आणि रात्री इसबगोल घेतला तर चालेल का?

— एक शिक्षिका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जे सर्वांत शेवटी आणि जाता जाता लिहिले आहे, त्यापासून सुरुवात करते. शस्त्रक्रिया करणाऱ्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनविषयी याच आठवड्यात सांगा. फोनवर सांगितले तरी चालेल, परंतु शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत थांबू नका. औषध मनाने बंद करू नका आणि १.७ वर मनाने जाऊही नका. ज्यांनी ते सुरू केले त्या डॉक्टरांना पुढच्या सुईआधी गाठा आणि एक मिलिग्रॅम पोटाला अजून मानवलेले नाही, दोनदा उलटी झाली आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगा. यापुढे मी जे लिहिणार आहे ते बरेचसे तुमच्या स्वयंपाकघराविषयी आहे, कारण तुमचा त्रास मला निम्मा सुईत आणि निम्मा ताटात दिसतो.

आपण जेवलो की आतड्याच्या अस्तरातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते, जठराला सावकाश रिकामे व्हायला लावते आणि मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप धाडते. शरीराचे स्वतःचे जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत विरून जाते. सेमाग्लुटाइड ही त्याचीच मुद्दाम टिकाऊ केलेली नक्कल आहे आणि रक्तातील तिचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणजे जो निरोप पूर्वी जेवणानंतर थोडा वेळ मिळत असे, तो आता अष्टौप्रहर मिळत राहतो. मेंदूच्या तळाशी उलटीची भावना जागवणारा जो भाग आहे, तिथेही हे औषध पोचते; त्यामुळे भूक मंदावणे आणि मळमळणे यांच्यात फार अंतर उरत नाही, आणि डोस व ताट यांचा मेळ बसला नाही की पहिल्याचे दुसरे होते. (वर्गात सांगण्यासारखी गोष्ट म्हणून लिहिते: या घराण्यातील पहिले औषध, एक्झेनाटाइड, २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि त्याचा माग गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी वाळवंटी सरड्याच्या लाळेतून लागला होता. हा प्राणी वर्षातून मोजक्याच वेळा खाऊन राहतो.)

याच घराण्यातील टिर्झेपेटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले, आणि तेव्हापासून तुमच्यासारखी पत्रे मला नियमित येऊ लागली. त्यांतल्या बहुतेकींना वाटते की हा त्रास आपल्यालाच होतो आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते आणि ती ६८ आठवडे चालली. औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ४४ जणांना मळमळ, ३१ जणांना जुलाब, २५ जणांना उलट्या आणि २३ जणांना बद्धकोष्ठता झाली. गंमत अशी की ज्यांच्या सुईत औषधच नव्हते, त्यांच्यापैकीही शंभरात १७ जणांनी मळमळीची तक्रार केली. बहुतेकांचा त्रास सौम्य ते मध्यम होता, डोस वाढवतानाच्या काळात जास्त होता आणि पुढे ओसरला. पोटाच्या तक्रारींमुळे औषध सोडावे लागलेले लोक शंभरात पाचांहून कमी होते. म्हणजे तुमच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. दोन रविवारी झालेली उलटी आणि पाच दिवस बंद राहिलेला कोठा मात्र ‘नेहमीचे आहे, सोसा’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आता तुमचा रविवार पाहू. सकाळी सुई, दुपारी सगळे घरी म्हणून साग्रसंगीत जेवण, बहुधा तर्रीचा रस्सा, वर कुटाची चटणी, तेल सुटलेले भरले वांगे, दोन भाकऱ्या आणि भात. संध्याकाळी चहासोबत काहीतरी तळलेले आणि रात्री पुन्हा पान. पूर्वी दुपारचे हे जेवण चार-साडेचार तासांत जठरातून खाली सरकत असे. आता रात्रीचे पान समोर येते तेव्हा दुपारचा बराच भाग वर बसलेला असतो आणि त्यावर तुम्ही, संशय नको म्हणून, दुसरे जेवण चढवता. ते उलटून पडले नाही तरच नवल. जठर रिकामे होण्याचा वेग तेला-तुपाने मुळातच मंदावतो. त्यामुळे या औषधावर असताना तर्री, भजी, वडे, शेंगदाण्याचे भरपूर कूट आणि मलईची मिठाई हे पदार्थ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बाधतात. भाकरी तुमची वैरीण नाही. भाकरीवरचा थर आणि भाकऱ्यांची संख्या पाहायला हवी.

मी रुग्णांना एक साधी खूण सांगते. जेवताना एक क्षण असा येतो की घास हातात असतो, पण तो तोंडाशी न्यावासा वाटत नाही. एखादा सुस्कारा सुटतो, पाठ आपोआप पाटाकडे किंवा खुर्चीकडे टेकते, काहींना बारीकशी उचकी लागते. पूर्वी हा क्षण दुसऱ्या भाकरीनंतर येत असेल, आता तो सहाव्या-सातव्या घासाला येईल. तिथे थांबायचे. ‘एवढाच राहिलाय, संपवून टाकू’ म्हणून घेतलेले पुढचे तीन घास हेच सोमवारची मळमळ असतात. आपल्याकडे तडस लागेपर्यंत जेवणे हे जेवणाऱ्याच्या समाधानाचे आणि वाढणारीच्या कर्तबगारीचे लक्षण मानले जाते. या औषधाने ते लक्षण तुमच्यापुरते रद्द केले आहे.

तेव्हा ताटाऐवजी लहान ताटली घ्या. दोन मोठ्या जेवणांची चार-पाच लहान खाणी करा. भुकेची वाट पाहू नका, कारण ती वेळेवर लागणार नाही आणि पार रिकाम्या पोटीही मळमळ वाढते. शाळेच्या मधल्या सुट्टीत थोडे फुटाणे किंवा एखादे केळे खाल्ले तरी पुरे. सुईनंतरचे पहिले दोन-तीन दिवस खाणे मऊ आणि सौम्य ठेवा: मुगाची पातळ खिचडी, ज्वारीच्या कण्या किंवा आंबील, वरणात कुस्करलेली अर्धी भाकरी, ताकभात, दुधी किंवा दोडक्याची कमी तेलातली भाजी. घास चावून खा, पाणी जेवणाबरोबर गटागट पिण्यापेक्षा आधी-नंतर अर्ध्या तासाने प्या आणि रात्रीचे शेवटचे खाणे झोपण्याच्या तीन तास आधी उरका. फोडणीचा वास सोसवत नसेल तर त्या दोन दिवशी ओट्यापासून दूर राहा. गरम रश्शापेक्षा निवलेले अन्न कमी वासाचे असते आणि मळमळत्या माणसाला ते बरे जाते. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळल्याने अनेकांना आराम पडतो, त्यास माझी हरकत नाही.

उपासाविषयी तुम्ही विचारलेले नाही, परंतु साताऱ्याकडच्या घरात सोमवार किंवा एकादशी नाही असे क्वचितच असते. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट, कूट आणि तूप यांचा एकजीव गोळा; सावकाश चालणाऱ्या जठरासाठी यापेक्षा कठीण पदार्थ शोधून काढावा लागेल. तुमची सुई रविवारी आणि औषधाचा जोर त्यानंतरच्या एक ते तीन दिवसांत, म्हणजे सोमवारचा उपास नेमका त्या जोराच्या तोंडी सापडतो. उपास करायचाच तर वरीचे पातळ तांदूळ, ताक, दही आणि फळे यांवर करा. निर्जळी उपास मात्र औषध चालू असेपर्यंत करू नका. सुईचा वार बदलण्याचाही विचार करता येईल, उदाहरणार्थ शुक्रवार रात्र, म्हणजे वाईट दिवस घरी जातील आणि वर्गात उभे राहून उमासे दाबावे लागणार नाहीत. वार बदलताना दोन सुयांमध्ये किमान ४८ तासांचे अंतर हवे असे औषधाचे माहितीपत्रक सांगते, तथापि तुमच्या सध्याच्या अवस्थेत पुढची सुई अलीकडे ओढण्यापेक्षा ती पुढे ढकलावी का, हे डॉक्टरांना विचारा. आणखी एक: सुईनंतर उलटी झाली म्हणून औषध वाया गेले असे होत नाही, ते त्वचेखालून जाते, पोटातून नव्हे. त्यामुळे सुई पुन्हा घेऊ नये.

कुजक्या अंड्यासारखे ढेकर हे या औषधावरच्या माणसांचे सर्वांत लाजिरवाणे दुखणे असते आणि त्याविषयी दवाखान्यात कोणी बोलत नाही. अन्न वर रेंगाळले की जंतूंना त्यावर काम करायला वेळ मिळतो आणि गंधकयुक्त वायू तयार होतो. त्याचा तो वास. ताट लहान झाले आणि कोठा साफ होऊ लागला की हे ढेकर सहसा कमी होतात. तोपर्यंत त्या दिवसांत अंडी, कोबी, फ्लॉवर, कच्चा कांदा-लसूण आणि सोडा-कोल्ड्रिंक टाळून पाहा.

पित्ताच्या गोळीविषयी स्पष्टच लिहिते. आपल्याकडे पोटाच्या वरच्या अर्ध्या भागात काहीही बिघडले की त्याला ‘पित्त’ म्हणतात आणि औषधाच्या दुकानातून एक कॅप्सूल आणतात. त्या कॅप्सूलमध्ये बहुधा दोन औषधे असतात. एक आम्ल कमी करते, दुसरे, म्हणजे डोम्पेरिडोन, उलटी थांबवून जठराची हालचाल वाढवते. छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येत असेल तर पहिल्याचा उपयोग होईल. परंतु तुमची मळमळ आम्लामुळे नाही, त्यामुळे ती त्याने जाणार नाही. दुसऱ्याचा हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मोजक्या दिवसांपुरतेच घ्यायचे असते. उलटीवर मिळणारी ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी गुणकारी आहे, पण तिने बद्धकोष्ठता होते आणि तुमच्याकडे बद्धकोष्ठतेचा साठा आधीच भरपूर आहे. तेव्हा रोज मनाने गोळी घेण्याला माझे उत्तर नाही असे आहे. अडचणीच्या दिवसासाठी कोणती गोळी जवळ ठेवावी हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कोठ्याच्या बाबतीत मला तुमच्या पत्रातील एक वाक्य फार महत्त्वाचे वाटले, ते लोहाच्या गोळ्यांचे. लोहाने मळमळ होते आणि मल घट्ट होतो; म्हणजे तीन आठवडे तुम्ही ज्याचा सगळा दोष सुईला देत आहात, त्यातला काही वाटा या गोळीचा असण्याची दाट शक्यता आहे. लोह बंद करू नका, रक्तस्राव होत असताना ते हवेच. पण ते एक दिवसाआड घेतले तर चालेल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. एक दिवसाआड घेतलेले लोह पोटाला सोसते आणि शोषलेही चांगले जाते, असे अभ्यासांतून दिसले आहे. लोहामुळे शौचाचा रंग काळसर होतो, त्याने घाबरू नका; डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त काळी शौच ही गोष्ट वेगळी, तिच्याविषयी पुढे सांगते.

इसबगोल वाईट नाही, पण तुमच्या बाबतीत त्याची वेळ चुकते आहे. तो पाणी शोषून फुगतो. पाच दिवस कोठा बंद, आतड्याची चाल मंद आणि दिवसभरात जेमतेम चार पेले पाणी अशा अवस्थेत रात्री चमचाभर इसबगोल अर्ध्या कप दुधातून घेतला, तर मल मऊ होण्याऐवजी पोटात गुबारा धरतो आणि सगळेच आणखी ठाम बसते. आधी कोठा एकदा मोकळा व्हायला हवा; त्यासाठी आतड्यात पाणी ओढणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड किंवा लॅक्टुलोजचे पातळ औषध डॉक्टर देतात आणि ते काही दिवस घेणे सहसा सुरक्षित असते. त्यानंतर इसबगोल अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, मोठ्या पेलाभर पाण्यातून, ढवळताक्षणी पिऊन, वर आणखी एक पेला पाणी घेऊन, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवून. ‘रात्री घ्या, सकाळी मोकळे व्हा’ अशा चूर्णांत बहुधा सोनामुखी असते. एखाद्या वेळी ती ठीक, रोजची सवय नको. सकाळी गरम पाणी पिऊन घाई न करता दहा मिनिटे बसणे आणि संध्याकाळी जेवणानंतर अर्धा तास चालणे, हे ऐकायला किरकोळ वाटते, पण सकाळच्या शाळेची धावपळ असलेल्या शिक्षिकांचा निम्मा कोठा या दहा मिनिटांअभावी बिघडलेला मी पाहिला आहे.

पाण्याचा हिशेब तुम्हाला इतरांपेक्षा काटेकोर ठेवावा लागेल. हे औषध तहानही मंदावते, त्यात उलटी, आणि रक्तदाबाच्या गोळीतले औषध लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर काढते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो. या औषधांवर मूत्रपिंडे बिघडलेल्या अनेक रुग्णांचे मूळ उलट्या-जुलाबांनी आलेल्या कोरडेपणात असते. शाळेच्या बाटलीवर खडूने रेघ मारल्यासारखे ठरवून टाका: मधल्या सुट्टीपर्यंत अर्धा लिटर, शाळा सुटेपर्यंत आणखी अर्धा, घरी एक. एकदम न पिता घोट-घोट प्या. उलटी किंवा जुलाब झालेल्या दिवशी ओआरएस घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे असते, चिमूटभर पेल्यात नाही. दुकानात ‘ओआरएस’ नावाने मिळणारी गोड पेये हे ओआरएस नव्हे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. अशा दिवशी रक्तदाबाची गोळी घ्यायची की थांबवायची, हे आताच विचारून ठेवा. सहा किलो वजन उतरल्यावर रक्तदाबही उतरलेला असू शकतो. फळ्याकडे वळताना अंधारी येत असेल तर घरी बसून आणि उभे राहून असा दोन वेळा रक्तदाब मोजा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा.

जेवण निम्म्यावर आले की प्रथिने आपोआप पाव होतात, कारण आपल्या ताटात ती मुळातच कडेला असतात. स्नायू झिजतात, केस गळतात आणि मग सुईला दोष लागतो. म्हणून त्या सहा-सात घासांतले पहिले चार घास वरण, उसळ, अंडे, मासे, पनीर किंवा दही यांचे असू द्या आणि भात शेवटी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. तुमच्या वजनाला दिवसाकाठी साधारण ६० ते ७० ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवायला हरकत नसावी, मूत्रपिंडांचा अहवाल ठीक असेल तर.

डोसविषयी. ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ या पायऱ्या चार-चार आठवड्यांच्या आहेत, कारण पोटाला रुळायला वेळ लागतो. त्या पायऱ्या म्हणजे शाळेच्या इयत्ता नव्हेत. वर्ष संपले म्हणून पुढे ढकललेच पाहिजे असे काही नाही. त्रास होत असेल तर आहे त्याच डोसवर आणखी चार आठवडे थांबणे, किंवा एक पायरी खाली येणे, ही रूढ आणि मान्य पद्धत आहे. अकरा आठवड्यांत सहा किलो उतरलेल्या माणसाला १.७ ची कसली घाई आहे, हे मला कळत नाही. छापील कागदाने डोस वाढत जातो आणि माणसाला कोणी विचारत नाही, ही तुमच्या पत्रातील खंत मला पुष्कळ पत्रांत दिसते. तेव्हा भेटीला जाताना तीन आठवड्यांची टिपणे घेऊन जा: सुई कधी, उलटी कधी, त्याआधी काय खाल्ले, शौचाला कधी झाले. लिहिलेला कागद पुढे ठेवला की दोन मिनिटांचीही भेट कामाची होते. आणि सुया काही कारणाने लागोपाठ दोन-तीन आठवडे राहिल्या, तर पुन्हा थेट एक मिलिग्रॅमवर जाऊ नका; विचारून, कदाचित खालून सुरुवात करावी लागेल.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नाहीत. बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी तीव्र वेदना, उलटीसह किंवा उलटीवाचून, हे स्वादुपिंडाला सूज आल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा पुढची सुई नाही, थेट रुग्णालय. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे होणे हे पित्ताशयाचे. वजन भराभर उतरताना पित्ताचे खडे होतात आणि वर सांगितलेल्या चाचणीत पित्ताशयाच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांत शंभरात २.६ होत्या, न घेणाऱ्यांत १.२. पोट ताठ फुगलेले आणि वायूही सरत नाही. चोवीस तास पाण्याचा घोटही टिकत नाही. सात-आठ तासांत लघवी नाही. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखा रंग किंवा डांबरासारखी शौच: यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी निघा.

आता भुलेकडे येते. भूल देताना घशाची स्वाभाविक राखण सुटते आणि जठरात अन्न असेल तर ते श्वासनलिकेत उतरू शकते. म्हणून तर ‘रात्री बारानंतर काही खाऊ नका’ असे सांगतात. पण तो हिशेब नेहमीच्या वेगाने रिकाम्या होणाऱ्या जठराचा आहे, तुमच्या नव्हे. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये, आठवड्याची सुई शस्त्रक्रियेआधी एक आठवडा थांबवावी असे सुचवले होते. २०२४ मधील सुधारित मार्गदर्शन म्हणते की अनेकांना ती चालू ठेवता येते, परंतु ज्यांचा डोस वाढतो आहे आणि ज्यांना मळमळ, उलटी, पोटफुगी आहे त्यांची जोखीम जास्त धरावी. तुम्ही त्या वर्णनात तंतोतंत बसता. सुई पुढे ढकलायची का, आदल्या दिवशी केवळ पातळ पदार्थ घ्यायचे का, भुलेआधी जठराची सोनोग्राफी करायची का, हे त्या डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांना ठरवता यावे यासाठी तुम्ही बोलणे एवढेच तुमच्याकडे आहे. औषधाचे खोके सोबत न्या आणि शेवटची सुई कोणत्या तारखेला घेतली ते त्यावर पेनने लिहा.

राहता राहिल्या सासूबाई. रक्तदाबाची गोळी तुम्ही त्यांच्यादेखत घेता आणि ही सुई मात्र न्हाणीघरात जाऊन घेता, यामागचा संकोच मला कळतो. ‘खाणे आवरत नाही म्हणून सुई’ असे कोणी म्हणेल, ही भीती असते. स्थूलपणा हा आळसाचा दाखला नाही, आजार आहे, हे त्यांना पटायला वेळ लागेल आणि ते सगळे आजच पटवण्याची गरजही नाही. पण उद्या तुम्हाला अचानक रुग्णालयात न्यावे लागले आणि यजमान कामावर असले, तर डॉक्टरांना औषधाचे नाव सांगणारे घरात कोणी नसेल, म्हणून निदान सासूबाईंना औषध आहे एवढे कळायला हवे. ‘साखर आणि वजनासाठी डॉक्टरांनी सुई दिली आहे, तिने अन्न सावकाश पचते, थोडे-थोडे खायला सांगितले आहे’ हे तिन्ही शब्दशः खरे आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. उलटी होताना त्यांनी ऐकलेच असेल. मनात त्या आधीच काळजीत असतील, अन्नाला नावे ठेवता की काय अशीही शंका त्यांना आली असेल. या रविवारी पान वाढायला घेतले की आधीच म्हणा, “आई, अर्धीच भाकरी वाढा, लागली तर मागून घेईन.” आणि खरोखरच मागून घ्यावीशी वाटली, तर दोन तासांनी घ्या.